दुसऱ्यांचं ऐकून माझी भीती वाढली तर?

"मॅडम, माझीच भीती मला पेलवत नाही. आणखी आठ जणींची कशाला ऐकू?" स्तनाच्या कॅन्सरमधून जाणाऱ्या बायांना मी आमच्या गटात, म्हणजे अशाच बायांनी एकत्र बसून आजाराबद्दल मोकळं बोलायच्या बैठकीत, यायला सांगते तेव्हा बऱ्याच जणी हेच विचारतात. नागपुरात महालातल्या एका काकूंनीही विचारलं होतं. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 52, ऑपरेशन झालेलं, केमो चालू. घरचे जपणारे, इतके की त्यांच्यासमोर आजाराचं नावच कुणी काढत नसे. "तुला काही होत नाही आई," म्हणून मुलगा उठून जायचा. मग रात्री दोनला कूलरचा आवाज ऐकत त्या एकट्याच जाग्या. मी म्हटलं, तीनदा येऊन पाहा. नाही जमलं तर येऊ नका, कुणी फोन करणार नाही.

मे महिना. डोक्याला-तोंडाला स्कार्फ गुंडाळून आल्या. इथे उन्हाळ्यात सगळ्याच बाया तसा बांधतात, त्यामुळे केस गेलेले कुणाला कळत नाहीत. आत आल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. दाराजवळची खुर्ची धरून दोन बैठका गप्प. तिसऱ्या वेळी भंडाऱ्याहून येणारी एक ताई सांगत होती, ब्लाऊजमध्ये भरलेला कापूस ऐन हळदीकुंकवात कसा सरकला. काकू एकदम बोलल्या, "माझा तर बर्डीवर भाजी घेताना सरकला जी!" सगळ्या हसल्या. काकू हसता हसता रडल्या, आणि डोळे पुसायला स्कार्फ सोडला.

पण तुमचा प्रश्न याच्या पुढचा आहे, मला ठाऊक आहे. गटातल्या एकीचा आजार वाढला तर?

आमच्यात तसं झालं. एकीचा आजार हाडांत परतला. ती म्हणाली, "पोरीचं लग्न पाहायला मी असेन की नाही, हे घरी कुणी बोलूच देत नाही." मी घाबरले, बाकीच्यांचं काय होईल म्हणून घाईनं श्वासाच्या व्यायामाकडे वळले. ती माझी चूक होती. काकूंनीच मला अडवलं. "थांबा मॅडम, तिले बोलू द्या." मग दीड तास तेच चाललं. पोरीसाठी काय लिहून ठेवायचं, पाटल्या कुणाला द्यायच्या, दुखणं वाढलं तर डॉक्टरांना काय विचारायचं.

पौषात ती गेली. काकूंना आठवडाभर झोप लागली नाही, हे लपवत नाही. पण पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "तिला दुखण्याचं औषध वेळेवर मिळालं, पोरगी उशाशी होती. मी रात्री जे डोळ्यांसमोर आणत होती, ते याहून लई वाईट होतं."

काकूंच्या मुलानं कुठेतरी वाचलं होतं की गटात गेल्यानं आयुष्य वाढतं. 1989 साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या 86 स्त्रियांच्या अभ्यासात तसं दिसलं होतं. पुढे कॅनडात 235 जणींवर झालेल्या अभ्यासात (2001) आणि 2007 मध्ये खुद्द स्पीगल यांच्याच दुसऱ्या अभ्यासात एकूण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. कॅनडातल्या स्त्रियांचं मन मात्र सावरलं, वेदनेचा त्रासही कमी जाणवला; आधीच फार खचलेल्यांना जास्त उपयोग झाला. मी मुलाला हेच सांगितलं. उपचार डॉक्टरांचेच, गट त्यांच्या जागी नाही.

आणि जिला जगणंच नको वाटतंय, तिला मी थेट गटात बसवत नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञ, एकटीशी बोलणं, गट नंतर.

संक्रांतीनंतर काकूंनी एका संध्याकाळी मुलाला लॉकरची चावी कुठे असते ते दाखवलं आणि म्हणाल्या, "बस जरा, मला बोलायचं आहे." या वेळी तो उठून गेला नाही.