मेट्रो कार्डात एकदम अडीच हजार भरावेत का?

वडगावहून, म्हणजे आपल्या बेळगावातल्याच वडगावहून, एका वडिलांनी विचारलंय: "मुलीला बंगळूरला नोकरी लागली. राहायला जयनगर, ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत. मेट्रोच्या एका फेरीला ६० रुपये पडतात. पहिला पगार हातात येईपर्यंत प्रवासखर्च माझ्याकडे आहे. कार्डात महिन्याचे अडीच हजार माझ्या क्रेडिट कार्डावरून एकदम भरू, की ऑटो टॉप-अप लावू, की पिग्मीसारखे रोज शंभर टाकत जाऊ? धाकटा पुण्याला होता, त्याचं मेट्रो कार्ड ३४० रुपयांसकट घरात पडून आहे. तेच तिला दिलं तर?"

काका, तिन्हीपैकी काहीच करू नका. महिन्याचे पैसे मुलीच्या बचत खात्यावर पाठवा आणि कार्ड तिला आठवड्याच्या हिशेबानं भरू द्या. पहिल्यांदा ७००, मग दर आठवड्याला ६००. हे आकडे कुठून आले ते सांगतो.

९ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरपत्रकात बंगळूरच्या नम्म मेट्रोचं भाडं १० ते ९० रुपये आहे आणि स्मार्ट कार्डावर ५ टक्के सवलत आहे. म्हणजे ६० च्या फेरीला ५७ कापले जातात. महिन्याचे २२ दिवस धरले तर ४४ फेऱ्या, २,६४० ऐवजी २,५०८. वाचले १३२. सकाळी आठच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर आणखी ५ टक्के सुटतात. ती रोज आठच्या आत गेटमधून आत गेली तर सकाळची फेरी ५४ ला पडेल, महिन्याला आणखी ६६ रुपये. एवढ्यासाठी पोरीला पहाटे उठवू नका, पण शिफ्टच लवकरची असेल तर फायदा आपसूक मिळेल. आठवड्याच्या दहा फेऱ्यांना ५७० लागतात. शिवाय गेट उघडायला कार्डात ९० रुपये किमान शिल्लक लागते. ५७० अधिक ९०, म्हणून पहिल्यांदा ७००. ते ९० खर्चासाठी नाहीतच असं समजायचं. पुष्कळ जण नेमके इथे फसतात. शिल्लक ८० आहे, फेरी ५७ ची आहे, तरी गेट उघडत नाही.

आता एकदम अडीच हजारांचं. व्याज बुडेल ही काळजी सोडून द्या. सरासरी हजारभर रुपये वर्षभर कार्डात पडून राहिले, तर बचत खात्याच्या अडीच-तीन टक्क्यांनी २५-३० रुपये बुडतात, म्हणजे दोन चहा आणि एक वडापाव. खरा धोका कार्ड हरवण्याचा आहे. देशभर चालणारं जे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे, त्यात पैसे दोन ठिकाणी असतात. काही बँकेच्या सर्व्हरवर, काही कार्डाच्या चिपमध्ये. गेटला बँकेशी बोलायला वेळ नसतो. ते चिपमधले पैसे वाचतं आणि कापतं, पिन विचारत नाही. म्हणून कार्ड हरवल्यावर तुम्ही फोन करून ते बंद केलं तरी सर्व्हरवरचे पैसेच सुरक्षित राहतात. चिपमधले पैसे म्हणजे खिशातून पडलेली नोट. नाव-पत्त्याच्या पडताळणीशिवाय मिळणारं फक्त प्रवासाचं कार्ड असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्यात ३,००० च्या वर रक्कम ठेवता येत नाही, आणि त्यातून रोख काढता येत नाही, परतावा मिळत नाही, दुसऱ्याकडे वळवताही येत नाही. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाचं नुकसान मर्यादित ठेवणारा जो नियम वॉलेटला आहे, तो या प्रकारच्या कार्डांना लागू नाही. कार्ड देणाऱ्याचीच चूक वा हयगय असेल तर गोष्ट वेगळी.

आणि मुळात अडीच हजार चिपवर जातच नाहीत. तिथली मर्यादा २,००० आहे. उरलेले पाचशे सर्व्हरवर बसून राहतील आणि मुलगी म्हणेल, "बाबा, तुम्ही कमी भरलेत."

क्रेडिट कार्डावरून भरायचं असेल तर आधी बँकेचं शुल्कपत्रक बघा. अनेक बँका वॉलेट किंवा प्रीपेड कार्ड भरण्यावर रिवॉर्ड पॉइंट देत नाहीत, काही शुल्कही लावतात. एक टक्का धरा. २,५०० वर २५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले साडेएकोणतीस. १३२ ची सवलत मिळवायला त्यातले ३० देऊन टाकायचे, आणि बिल भरायला एकदा उशीर झाला की उरलेलेही व्याजात जायचे.

ऑटो टॉप-अपचा मोह समजतो, फास्टॅगची सवय झालीय सगळ्यांना. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ऑगस्ट २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं फास्टॅग आणि या मोबिलिटी कार्डासाठी एक सूट दिली आहे. शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की आपोआप भरणा होताना २४ तास आधी मेसेज यायची अट नाही. पैसे कापल्यावरच कळणार, आणि खातं तुमचं, प्रवास तिचा. दुसरं म्हणजे आपोआप भरलेले पैसेही आधी सर्व्हरवरच जातात. चिपवर आणायचं काम तिला करावंच लागतं. रोज शंभरच्या पिग्मीलाही हीच अडचण. पिग्मीवाला दारात येतो, मेट्रोचं मशीन येत नाही.

हे चिपवर आणणं म्हणजे काय, ते तिला नीट समजावून सांगा. बंगळूरला पहिल्या आठवड्यात निम्मी डोकेदुखी इथेच होते. अॅपमधून पैसे भरले की मेसेज येतो, शिल्लक दिसते, आणि गेटवर मात्र लाल दिवा. कारण चिपला अजून काही कळलेलं नाही. स्टेशनवरच्या काउंटरला कार्ड देऊन "बॅलन्स अपडेट" सांगायचं, किंवा ती सोय असलेल्या मशीनवर कार्ड टेकवायचं. काही बँकांच्या अॅपमधून एनएफसी (कार्ड टेकवून वाचण्याची सोय) असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावूनही होतं. पडद्यावर नवी शिल्लक उमटेपर्यंत कार्ड हलवायचं नाही. मध्येच उचललं तर खात्यातून पैसे गेलेले आणि चिप तशीच, अशी त्रिशंकू अवस्था होते. तेव्हा घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी पुन्हा अपडेट करून बघायचं, बहुतेक वेळा काम होतं. नाहीच झालं तर व्यवहार क्रमांकासह कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, त्याला फी नाही.

याहून सोपं हवं असेल तर काउंटरवरच भरायचं, आणि समोरच्या पडद्यावर चिपची नवी शिल्लक बघूनच हलायचं. फक्त सोमवारी सकाळी नको. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेळगावहून उतरलेली माणसं बॅगा घेऊन त्याच रांगेत असतात. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना भरलेलं बरं.

कार्ड मागच्या खिशात ठेवून बसायचं नाही. प्लास्टिकच्या आत कडेकडेनं बारीक तारेची अँटेना फिरवलेली असते. कार्ड वाकलं की ती तुटते आणि टॅप होणं बंद. ऑफिसच्या दोरीत अडकवायला कोपऱ्यात भोक पाडणं हा तर कार्ड बिघडवण्याचा त्याहून खात्रीचा उपाय! पाकिटात दुसरं टॅपचं कार्ड असेल तर मेट्रोचं बाहेर काढून टेकवावं, नाहीतर गेट गोंधळतं किंवा भलतंच कार्ड वाचतं. उतरताना टॅप राहिला तर पुढच्या वेळी आत जाता येत नाही, दंडासह हिशेब काउंटरवर मिटवावा लागतो. जयनगरहून ग्रीन लाईननं येऊन आर. व्ही. रोडला यलो लाईन पकडताना मात्र टॅप करायचा नाही, ती बदली आतल्या आत होते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आलीच नाही, आणि पैशाच्या दृष्टीनं ती सवलतीपेक्षा मोठी आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या रहिवासी महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे, आणि त्यात बंगळूर शहरातल्या बीएमटीसीच्या साध्या बसही येतात. एसी बस येत नाहीत. मुलीच्या आधारवर वडगावचा पत्ता असेल तर तिनं ओळखपत्र दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. तिकीट न घेता बसणं चालत नाही. येताना घाई नसते म्हणून एकच बाजू बसनं केली, तर महिन्याला २२ गुणिले ५७, म्हणजे १,२५४ वाचतात. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी बघता रोज ते जमेल असं मला वाटत नाही. आठवड्यातून दोनदा जमलं तरी महिन्याचे साडेचारशे सुटतात. स्टेशन ते ऑफिस हा शेवटचा तुकडा तर बसनंच करावा, नाहीतर मेट्रोत वाचलेलं रिक्षात जातं. आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलींचं आधार आजोळच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या पत्त्यावर असतं. तसं असेल तर शक्ती लागू होणार नाही, पत्ता आधी बदलून घ्या.

आता धाकट्याचं पुण्याचं कार्ड. त्यावर रुपेचं चिन्ह आणि मोबिलिटी कार्डाची खूण असेल तर ते बंगळूरच्या गेटवर चालतं, कार्ड राष्ट्रीय केलं ते त्यासाठीच. पण ते त्याच्या मोबाईल नंबरवर आहे, प्रत्येक ऑनलाइन भरण्याचा ओटीपी त्याला जाणार, आणि हरवलं तर बंदही त्यालाच करावं लागणार. म्हणून मुलीसाठी तिच्या नंबरवर वेगळं कार्ड घ्या. पुण्याच्या कार्डातले ३४० मात्र वाया घालवू नका. किमान शिल्लक सोडली तरी चार फेऱ्या निघतात. पहिल्या दोन दिवसांत नवं कार्ड येईपर्यंत ते वापरून संपवू दे. जाण्याआधी मागची वैधतेची तारीख बघा. आणि पहिल्या फेरीला गेटवर ५७ कापले की ६०, ते तिला वाचून ठेवायला सांगा. ६० कापले असतील तर सवलत बसलेली नाही, तिथंच काउंटरवर विचारायचं.