पाणी आधी तांबूस, मग हिरवं: पाचोळ्याचा हिशेब

प्रश्न: आमची बोडी (लहान तळं) सागाच्या जंगलालगत आहे. पहिल्या पावसात पाणी कोऱ्या चहासारखं होतं, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. मग महिनाभर पाण्याला हिरवेपणा येत नाही आणि ऑक्टोबरात एकदम हिरवी साय धरते. खत तर टाकलेलंच नसतं. असं का?
(एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर: खत नाही, पण पाचोळा आला. वाळलेल्या पानात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं, साधारण 40 ते 80 भाग कर्बाला एक भाग नत्र. जिवाणूंना मात्र स्वतःची वाढ करायला पाच-दहा भाग कर्बामागे एक भाग नत्र लागतं. ही तूट ते पाण्यातून भरून काढतात, स्फुरदही (फॉस्फरस) उचलतात. शेवाळाला काही उरत नाही, त्यात तांबूस रंग उजेड अडवतो. म्हणून तो कोरा महिना. याच काळात ‘पाणी हिरवं होत नाही’ म्हणून युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकलं जातं. ते टाळाच, पुढच्या सायीची ती बेगमी ठरते.

आता प्राणवायू. एक किलो सुक्या पानात सुमारे 450 ग्रॅम कर्ब असतो. तो पूर्ण कुजायला जवळपास 1.2 किलो प्राणवायू खर्च होतो. 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे फार तर 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे एका किलो पानांपायी सुमारे दीड लाख लिटर पाण्यातला प्राणवायू संपू शकतो. हे एका रात्रीत होत नाही आणि हवेतून भरही पडत राहते, पण तळाशी ती पोचत नाही.

खरी गडबड तिथेच. प्राणवायू संपला की गाळातलं लोह विरघळतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद मोकळा होतो. उलट नायट्रेटचा वायू होऊन नत्र उडून जातं. स्फुरद जास्त, नत्र कमी अशा पाण्यात हवेतलं नत्र वापरू शकणाऱ्या नीलहरित शेवाळाचं फावतं. ऑक्टोबरची साय बहुधा हीच.

उपाय मे महिन्यातच करायचा. येव्यावरचा, म्हणजे बोडीत पाणी येतं त्या वाटेवरचा, पाचोळा पावसाआधी उचला. येव्यावर जाळी लावून पानं अडतात, रंग अडत नाही; भिजलेल्या पानातला विरघळणारा बराचसा भाग एक-दोन दिवसांतच पाण्यात उतरतो. बोडी आटली असेल तर वरचा काळा गाळ काढून शेतात टाका, स्फुरद बाहेर जाण्याची तीच खात्रीची वाट. पावसाळ्यात सूर्योदयाआधी तळाजवळचा प्राणवायू मोजा. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर खाद्य बंद करा आणि पंपाने पाणी उंचावरून फवारा.

प्रश्न: मग शेणही टाकू नये का?

उत्तर: शेणाचं गणित निराळं. त्यात कर्ब-नत्र प्रमाण 20:1 च्या आसपास, त्यामुळे ते पोषकद्रव्यं लवकर सोडतं. पण पाणी तांबूस असताना नको, आणि एकदम नको. पंधरवड्याचे हप्ते पाडा. आधी पाणी दाट फडक्यातून, मग गाळणकागदातून गाळून पांढऱ्या वाटीत पाहा. हिरवं कागदावर राहिलं तर शेवाळ आहे, शेणाची गरज नाही. गाळूनही वाटीत तांबूसच दिसलं तर पाचोळ्याचा रंग अजून ओसरलेला नाही, थांबा.