बर्कलीची गॅसबंदी न्यायालयाने रद्द केली, तरी नव्या घरात गॅस घेऊ नका असे का सांगतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बे एरियात (कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात), मागच्या अंगणात, पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांसाठी स्वतंत्र छोटे घर बांधत आहात, आराखडा करणारा म्हणतो की गॅस घेऊच नका, सगळे विजेवर ठेवा, आणि तुम्ही तर वाचले आहे की अशी बंदी बेकायदा ठरली. मी येथे घरांच्या परवान्यांची कागदपत्रे तयार करण्याचे काम करतो आणि हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक आठवड्यात कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकतो.

बे एरियातल्याच बर्कली शहराने जुलै २०१९ मध्ये, अमेरिकेत सर्वप्रथम, नव्या इमारतींत गॅसची वाहिनी टाकण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियातील रेस्टॉरंटचालकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. शहराचे म्हणणे असे होते की आम्ही कोणत्याही उपकरणावर बंदी घातलेली नाही, फक्त पाइप नको म्हटले आहे. संघटनेने बोट ठेवले ते १९७५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्यावर. उपकरणांनी किती ऊर्जा वापरावी याचे नियम केंद्राने केले असतील, तर राज्यांना आणि शहरांना त्यात हात घालता येत नाही, असे तो कायदा सांगतो. खालच्या न्यायालयात शहर जिंकले. पण एप्रिल २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या केंद्रीय न्यायालयाने) निकाल फिरवला. ज्या घरात गॅस पोहोचूच शकत नाही तेथे गॅसच्या शेगडीचा ऊर्जावापर शून्यावर आणला जातो, म्हणजे नियम पाइपचा असला तरी परिणाम उपकरणावरच होतो, असा त्या निकालाचा गाभा आहे. जानेवारी २०२४ मध्ये फेरसुनावणीही नाकारली गेली आणि त्यानंतर बर्कलीने नियम मागे घेण्याचे मान्य केले. (त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोठ्या इमारतींच्या गॅसवापरावर कर लावण्याचा प्रस्ताव बर्कलीच्या मतदारांपुढे आला, तो त्यांनीच फेटाळला. म्हणजे पर्यावरणवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावातही लोक खिशाकडे पाहतात.)

मात्र न्यायालयाने मोडीत काढली ती एक विशिष्ट पद्धत. ऊर्जेच्या एकूण हिशेबावर आधारलेल्या इमारत नियमांना त्याच केंद्रीय कायद्यात ठरावीक अटींवर सूट आहे. त्यामुळे निकालानंतर अनेक शहरांनी गॅसला थेट नाही म्हणणे सोडले. गॅस घ्यायचा असेल तर भिंतींचे इन्सुलेशन, खिडक्या किंवा सौरपट्ट्या यांतून तेवढी भरपाई करून दाखवा, असे ती म्हणू लागली. राज्याच्या २०२३ पासून लागू झालेल्या ऊर्जा संहितेपासून नव्या घरांचा हिशेबही हीट पंप (इंधन न जाळता, विजेवर हवेतली उष्णता ओढून घर किंवा पाणी तापवणारे यंत्र) गृहीत धरून मांडला जातो. न्यूयॉर्क शहराने तर २०२१ मध्येच वेगळी वाट धरली: इंधन जाळल्याने किती कार्बन बाहेर पडतो त्यावर मर्यादा घातली. तेथे नवव्या सर्किटचा निकाल बंधनकारक नाही.

तुमच्या बाबतीत आराखडा करणाऱ्याचा सल्ला बहुधा बंदीच्या भीतीपोटी नसून खर्चाच्या अंदाजातून आलेला असावा. पूर्वी नवी गॅसवाहिनी ओढण्याच्या खर्चाचा काही भाग कंपनी उचलत असे आणि तो शेवटी सगळ्या ग्राहकांच्या बिलांतून वसूल होई. वीज आणि गॅस कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या उपयोगिता आयोगाने जुलै २०२३ पासून ती सवलत बंद केली. स्वतंत्र जोडणी हवी असेल, तर खड्डा खणण्यापासूनचा सगळा भार तुमच्यावर येतो. दुसरे असे की, बे एरियाच्या हवा गुणवत्ता मंडळाने मार्च २०२३ मध्ये घरगुती वॉटर हीटरांसाठी २०२७ पासून आणि घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांसाठी २०२९ पासून नायट्रोजन ऑक्साइडविरहित उपकरणांचा नियम मंजूर केला (हे प्रदूषक गॅस जाळल्याने बाहेर पडतात). त्यात शेगडी नाही. म्हणजे आज गॅसचा वॉटर हीटर बसवलात, तर तो बदलायची वेळ येईल तेव्हा तसाच दुसरा मिळेलच असे नाही.

विजेच्या बाजूनेही सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. येथील वीज महाग आहे, आणि जुन्या घरात १०० अँपिअरचे विजेचे मुख्य पॅनेल असेल, तर दोन घरांचा भार मोजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वयंपाकाचे म्हणाल, तर आमच्या घरी इंडक्शन आल्यावर ॲल्युमिनियमचा कुकर आणि जाड बुडाची कढई कपाटात गेली. इंडक्शनवर चुंबक चिकटेल अशाच बुडाची भांडी तापतात, म्हणून तसा स्टीलचा कुकर घ्यावा लागला. बिडाचा तवा मात्र उत्तम तापतो. भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची सवय आईला पंधरा दिवसांत झाली, परंतु भरताचे वांगे जाळावर भाजल्यासारखे होत नाही. त्यासाठी ती अंगणात कॅम्पिंगचा छोटा स्टोव्ह काढते, आणि त्याला कोणत्याही परवान्याची गरज पडलेली नाही.

शहराच्या बांधकाम विभागाला लेखी विचारा की तुमच्या अर्जाला कोणती संहिता लागू आहे, कारण निकालानंतर अनेक शहरांनी जुने नियम स्थगित केले, तरी काहींची माहितीपत्रके तशीच राहिलेली असू शकतात. आणि हीट पंपाचा वॉटर हीटर घेणार असाल, तर तो आईवडिलांच्या झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर ठेवू नका. तो घुमतो, आणि आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेत असल्याने ती जागा गार करतो.