काळी चार सोडा

प्रिय ताई,

पत्राखाली तुम्ही 'एक आळशी' अशी सही केली आहे. ती मी आधी खोडली आणि मग उत्तराला बसले.

लग्नाआधी गाण्याच्या परीक्षांतली मध्यमा पूर्ण झालेली, आता वय 48, मुक्काम सांगली. गेली बारा वर्षं त्यापुढच्या विशारदचा फॉर्म भरायचा म्हणताय आणि दर सत्राला तो पुढच्या सत्रावर जातो. "माझ्यात जिद्दच नाही, शिवाय आवाजही गेला," हे चार पानांत चार वेळा आलंय. आणि तिसऱ्या पानावर, समासात, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: "रविवारी काळी चारला तंबोरा लावते, दहा मिनिटांत आवाज फाटतो, मग गवसणी घालून ठेवते."

अहो, काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा, ही तुमची एकविसाव्या वर्षीची पट्टी! पाळी जायच्या वयात बायकांचे स्वरतंतू थोडे जाड होतात, आवाज खाली उतरतो. त्याला आवाज गेला म्हणत नाहीत. दर रविवारी तुम्ही त्या एकवीस वर्षांच्या मुलीसाठी तंबोरा लावता आणि तिच्या जागी स्वतः गायला बसता. तार षड्जाला, वरच्या सा ला, गळा ओढला जातो, लाज वाटते, तंबोऱ्यावर कापडी गवसणी चढते. मग सोमवारी रियाजाला कोण बसेल? मीही बसले नसते. दर आठवड्याला स्वतःच्या हाताने स्वतःला नापास करायचं आणि वर त्याला आळस म्हणायचं, हे मला बघवत नाही.

"तुझा गळा काळी चारचा, पट्टी सोडू नकोस," असं तुमच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या होत्या. त्या आता नाहीत, तुमची त्यांच्यावर माया आहे, तरी सांगते, मला त्यांचा राग आला. पोरीच्या गळ्याचं कौतुक करताना त्यांनी तिला एका पट्टीला बांधून टाकलं. गायिका गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जाड झाला, खाली आला. त्या त्याच आवाजात गायल्या, थेट 2006 पर्यंत, नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा.

तेव्हा या रविवारी एकच करा. तंबोऱ्याचा सूर उतरवा.

सकाळी, कुणी उठायच्या आत, नुसता 'आ'कार लावा. तंबोरा नको, पेटी नको. जिथे सा न ओढता लागेल आणि खालच्या, मंद्र पंचमापर्यंत सहज जाऊन येता येईल, ती तुमची पट्टी. पांढरी चार निघेल, काळी दोन निघेल, जी निघेल ती. मग खुंट्या सैल करा. आधी जोडाच्या तारा, मग पंचमाची, शेवटी खर्जाची. बारीक फरक तारेतल्या मण्यांनी काढा. तार सैल झाली की जवारी, म्हणजे तारेचा गुंजता झंकार, बिघडते, तेव्हा घोडीवरचा दोरा नव्याने सरकवावा लागेल. अर्धा तास जाईल, जाऊ दे. तार फारच ढिली वाटली तर जाड तार चढवून घ्या. मिरज तुमच्या दारात आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तुम्ही एका तारेसाठी अडून बसणार?

आणि ती गवसणी धुऊन कपाटात ठेवा. तंबोरा भिंतीशी उघडा राहू दे. धूळ बसली तर पुसा. पुसताना बोट तारेवरून जाईलच.

विशारदलाही स्वतःच्या पट्टीतच गायचं असतं, पण फॉर्मचं आज काढूच नका. सोमवारी मला दोन ओळी लिहा: कुठली पट्टी निघाली?

तुमची,
मावशी