'कॉर्न' म्हणजे दर वेळी मका नव्हे

प्रश्न असा आहे: इंग्रजी 'कॉर्न'चे अर्थ किती, आणि नॉर्वेजियनमध्ये त्यांना काय म्हणतात?

आधी एक सांगतो, कारण ते ऐकून ऐकून डोकं उठलंय. इंग्लंडात १८१५ ते १८४६ या काळात जे 'कॉर्न लॉज' होते, ते 'मक्याचे कायदे' नव्हेत! ते धान्याचे कायदे, त्यातही मुख्यतः गव्हाचे. 'कॉर्न' म्हणजे मुळात धान्य. ज्या मुलखाचं जे मुख्य पीक, ते तिथलं 'कॉर्न'. इंग्लंडात गहू, स्कॉटलंडात ओट. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मक्याला 'इंडियन कॉर्न' म्हटलं आणि पुढे त्यातलं 'इंडियन' गळालं. आपल्याकडे भंडारा-गोंदियात 'धान' म्हटलं की भातच, तसंच हे.

नॉर्वेजियन 'कोर्न' मात्र धान्यच राहिला. मका म्हणजे 'माइस'. पायाला होतं ते कुरूप, म्हणजे इंग्रजीतला दुसरा 'कॉर्न', हा शब्दच वेगळा. तो लॅटिन 'कोर्नू' म्हणजे शिंग, त्यावरून आला. नॉर्वेजियनमध्ये त्याला 'लीकतोर्न' म्हणतात. 'लीक' म्हणजे आज प्रेत, पण जुन्या भाषेत नुसतं अंग. म्हणून अंगातला काटा. कुरूप झालेला पाय खड्यावर पडला की हे नाव लगेच पटतं.

आता खरी गंमत. ऑस्लोकडे 'कोर्न'चा उच्चार जवळजवळ 'कूण' होतो, चक्क आपल्या 'ण'सारखा. पण तेवढ्यावरून कुणी त्याला 'कण'शी जोडू नये. त्याचा सख्खा भाऊ आहे 'जीर्ण'! संस्कृतात 'ज', लॅटिनमध्ये 'ग', जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्वेजियन यांच्या कुळात 'क', ही ओळ ठरलेली आहे. गुडघा म्हणजे संस्कृत 'जानु', लॅटिन 'गेनू', नॉर्वेजियन 'क्ने'. तसंच 'जीर्ण', 'ग्रानुम', 'कोर्न'.

म्हातारपण आणि दाणा यांचा काय संबंध? काही कोशकार सांगतात, झिजणं, मग दळणं, मग दाणा. मला हे मुळीच पटत नाही. दाणा दळायच्या आधीच दाणा असतो. मराठी माणसाला तर याचं उत्तर घरातच सापडतं: शेत पिकतं आणि केसही पिकतात. 'पीक' आणि 'पिकलं पान' एकाच 'पक्व'ची लेकरं. शिवाय 'पक्व' ज्या 'पच्' धातूचा, त्याचंच 'पचणं'. आणि न पचलं की आपण म्हणतो 'अजीर्ण'. म्हणजे म्हातारं होणं आणि पचणं या दोन्ही अर्थांत 'पक्व' आणि 'जीर्ण' जोडीनं चालतात, मग पिकण्यातही का नसावेत? माझ्या मते 'कोर्न' म्हणजे पिकलेलं, पूर्ण वयाला आलेलं. हे साम्य डोळ्यांसमोर असताना जात्यापर्यंत जायचं कशाला?

तेव्हा नॉर्वेजियन मजकुरात नुसता 'कोर्न' दिसला तर 'धान्य' किंवा 'दाणा' लिहा. 'पॉपकोर्न' तेवढा वेगळा, तिथे दाणा मक्याचाच.