22 मजली इमारतीत आगीच्या सुरक्षेसाठी नव्या कमिटीने आधी काय बघावं?

तुम्ही म्हणता, नुकतेच कमिटीवर आलात आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही. सर्वात वरच्या मजल्यापासून करा. जिन्याजवळच्या लाल पेटीतला होज लावा, व्हॉल्व्ह उघडा आणि पाणी येतं का बघा. कोटेशन, जनरल बॉडी हे सगळं नंतर.

मी ठाण्यात एका 23 मजली सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी होतो. चार्ज घेतला तेव्हा फाईल चकाचक होती. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. तो सही-शिक्क्यानिशी हजर. एका रविवारी वॉचमनला घेऊन वर गेलो. पेटीत नोझलच नाही. पितळेचं असतं, भंगारात भाव येतो. खालच्या मजल्यावरचं आणून बसवलं, व्हॉल्व्ह फिरवला. फुस्स करून हवा आली, मागून तांब्याभर गंजकं पाणी, आणि खेळ खल्लास.

पंपरूममध्ये पाहतो तर पॅनेलचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर. चौकशी केल्यावर उलगडा झाला. लाइन कुठेतरी गळत होती, त्यामुळे दाब टिकवणारा जॉकी पंप रात्रभर चालू-बंद व्हायचा. पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोपमोड व्हायची. त्यांनी तक्रार केली, इलेक्ट्रिशियनने स्विच फिरवला, तक्रार मिटली. वास्तविक व्हॉल्व्ह उघडून दाब पडला की मेन पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि शेवटच्या मजल्यावरही निदान 3.5 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळायला हवा. आमच्याकडे कुणीतरी 23 मजले उतरून बटण दाबलं असतं तरच. आगीत वीज तोडतात, तेव्हा उपयोगी पडणाऱ्या डिझेल पंपाची बॅटरीही मेलेली.

हे फक्त आमच्याकडेच असं समजू नका. ऑक्टोबर 2021 मध्ये लालबागच्या 60 मजली इमारतीत 19व्या मजल्यावर आग लागली, तेव्हाही इमारतीची यंत्रणा चालत नव्हती असं अग्निशमन दलाचं म्हणणं होतं.

पाण्याचं झालं की धुराकडे वळा, कारण माणसं बहुतेक वेळा धुरानेच जातात. जिन्याचं फायर डोअर स्वतःहून बंद झालं पाहिजे. आमच्याकडे हवा खेळावी म्हणून तिथे तुळशीच्या कुंड्या लावून ठेवल्या होत्या! मग इलेक्ट्रिक डक्ट उघडून बघा. इंटरनेटवाले येतात, स्लॅबमधून केबल ओढतात, भोक तसंच सोडून जातात. मजल्यामजल्यावर अशी भोकं राहिली की त्या डक्टचं धुराडं होतं. ती अग्निरोधक सीलंटने बुजवून घ्या, साध्या फोमने नको, तो पेटतो. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी थांबायला मोकळ्या ठेवलेल्या जागेत, कुणाचं जुनं फर्निचर असेल तर तेही काढायला लावा. जिन्यातल्या चपलांच्या कपाटांवरून मात्र भांडणं होणार, त्याला इलाज नाही. मी दोन शेजाऱ्यांशी वर्षभर बोललो नव्हतो.

गळती आम्ही महिन्याभरात काढली आणि स्विचवर कुलपाची पेटी बसवली. आता दर रविवारी सकाळी दहाला मेन पंप पाच मिनिटं चालवतात. नाही चालवला तर पहिल्या मजल्यावरच्या त्याच काकांचा फोन येतो, "आज आवाज नाही आला रे."