आधी कन्नड, मग स्पॅनिश

निपाणीजवळच्या एका गावातून अंगणवाडी सेविका असलेल्या ताईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी आर्ट्स झाली, बी.ए.ला समाजशास्त्र घेते म्हणते. पाहुण्यांपैकी कुणी सांगितलं, त्यापेक्षा स्पॅनिश शिकव, पुण्या-बेंगळुरात लगेच नोकरी. आणि पोरीने मोबाईलवर तिसरंच शोधून काढलं : प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन. हे तिसरं म्हणजे काय, आणि या तिन्हींतलं काय धरायचं, असं ताई विचारतात.

ताई, तिसरं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. २०१७ साली मातृपूर्णा योजना आली. गरोदर आणि बाळंतीण बायकांनी अंगणवाडीत येऊन गरम जेवायचं. रजिस्टरला हजेरी लागते. पण आठव्या महिन्यातली सून भर उन्हात मळ्यातल्या घरातून चालत येते का? सासू पाठवते का? की डबा घरी जातो आणि चौघांत वाटला जातो? रजिस्टरच्या रकान्यात हे मावत नाही. ते शोधायचं आणि योजनेमुळे फरक पडला की तो एरवीही पडलाच असता हे ठरवायचं, याला मूल्यमापन म्हणतात. सासू का अडवते हे समाजशास्त्र शिकवतं, फरक कशाचा हे संख्याशास्त्र.

तेव्हा समाजशास्त्र बेलाशक घेऊ द्या. मात्र आर्ट्स घेतलं म्हणजे गणित सुटलं, असं पोरगी समजत असेल तर तिला आत्ताच सांगा, ते परत येणार आहे. जोडीला अर्थशास्त्र घ्यावं, एक्सेल हाताखालचं करावं. एम.ए.ला बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाड, नाहीतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. निपाणीहून कोल्हापूरच जवळ. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांना तिथे काही सवलत मिळते का, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरलाही केंद्र आहे, तेही बघून ठेवा.

आता स्पॅनिश. पाहुणे अगदीच चुकलेले नाहीत, पण नोकरी मिळण्याइतकी भाषा सहा महिन्यांच्या क्लासात येत नाही. पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगण्यापुरतं, कामाचं बोलायला बी-२ तरी हवी. आणि एक गंमत बघा. मूल्यमापनाचा जगभर शिकवला जाणारा धडा मेक्सिकोतला, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातलाच आहे. १९९७ मध्ये तिथे ‘प्रोग्रेसा’ योजना निघाली. मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली तर पैसे आईच्या हातात. निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी पैसे दिले, १८६ गावांना नंतर, आणि मधल्या काळात दोन्हींकडची तुलना केली. कोणती गावं आधी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, वशिला नाही. त्यामुळे बी.ए. करता करता हौसेने स्पॅनिश शिकली तर पुढे उपयोगच होईल.

पण त्याआधी कन्नड. रागावू नका. सीमाप्रश्न आपल्या जागी राहू दे. चिक्कोडी ओलांडून गोकाक-रामदुर्गाकडे सर्व्हेला गेल्यावर तिथली बाई मराठीत आपलं दुखणं सांगणार नाही, आणि सरकारी आदेश कन्नडमध्येच येतो. मराठी आणि कन्नड दोन्हींत प्रश्न विचारणारी पोरगी मूल्यमापन करणाऱ्या बेंगळुरातल्या संस्थेला शोधून सापडत नाही.

या सुट्टीत तिला आठवडाभर अंगणवाडीत बसवा. जेवायला न आलेल्या पाच बायकांच्या घरी जाऊन कारण विचारू दे, तुम्ही मात्र सोबत जाऊ नका, तुमच्यासमोर त्या खरं बोलणार नाहीत. जे कळेल ते दोन पानांत लिहून मला पाठवायला सांगा. एक पान कन्नडमध्ये.